नजर कुठे थांबली, हे चष्म्याला कसं कळतं?

मे २०२५ मध्ये मेटा आणि रे-बॅन यांचा कॅमेरा असलेला चष्मा भारतात २९,९०० रुपयांपासून मिळू लागला. तेव्हापासून एक प्रश्न बऱ्याच जणांच्या तोंडी आहे: हा चष्मा घालणाऱ्याच्या डोळ्यांवर लक्ष ठेवतो का? नाही ठेवत. त्याचा कॅमेरा बाहेर बघतो, समोरच्या माणसाकडे. तिथे काळजी करायची ती समोरच्याने, आपल्याला न विचारता आपलं चित्रण होतंय का म्हणून.

पण प्रश्न अस्थानी नाही. ज्यांच्या आतल्या बाजूला थेट डोळ्यांवर रोखलेले कॅमेरे आहेत अशी उपकरणं जगात काही वर्षांपासून बाजारात येत आहेत, त्यातली काही आता बंदही झाली आहेत. ॲपलचा व्हिजन प्रो, सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर २, मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २, मेटाचा क्वेस्ट प्रो, सॅमसंगचा गॅलेक्सी एक्सआर. ही सगळी डोक्यावर चढवायची जड यंत्रं, म्हणजे हेडसेट. काही खेळांसाठी, तर काही ऑगमेंटेड रिॲलिटीसाठी, म्हणजे समोरच्या खऱ्या खोलीवर चित्रं, अक्षरं, बाण यांचा थर चढवून दाखवण्यासाठी. सप्टेंबर २०२४ मध्ये मेटाने ओरायन नावाचा एक प्रायोगिक चष्मा दाखवला, त्यात हेच तंत्र जाडसर फ्रेममध्ये बसवलेलं होतं. वाटचाल हेडसेटकडून चष्म्याकडे चालली आहे, हे त्यावरून दिसतं.

या तंत्राचं नाव आय ट्रॅकिंग. माणूस नेमका कुठे बघतोय याचा क्षणाक्षणाला माग काढणं, एवढाच त्याचा अर्थ. हे तंत्र उपयोगाचं आहे आणि काही माणसांसाठी तर अनमोल आहे. पण नजर ही आपण विचार करून दिलेली माहिती नसते, ती आपल्याकडून निसटते. म्हणून चष्म्यात डोळ्यावरचा कॅमेरा आहे की नाही, यापेक्षा त्याने टिपलेलं चष्म्याबाहेर काय जातं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

डोळा एका जागी टिकत नाही

हात लांब करा, अंगठा उभा धरा आणि त्याच्या नखाकडे बघा. एका वेळी आपल्याला खरोखर स्पष्ट दिसणारा भाग जवळपास तेवढाच असतो, साधारण दोन अंश रुंदीचा. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर फोव्हिया नावाचा एक बारीक खळगा असतो; तपशील टिपणाऱ्या पेशींची दाटी तिथेच असते. बाकीचं दृश्य धूसर असतं. तरी सगळी खोली स्वच्छ दिसल्यासारखी वाटते, कारण डोळा सेकंदाला सुमारे तीन वेळा उडी मारून नवी जागा टिपतो आणि मेंदू ते तुकडे सांधतो.

वाचताना डोळा ओळीवरून सलग सरकत नाही, उड्या आणि मुक्काम करत पुढे जातो, हे १८७९ च्या सुमारास पॅरिसमध्ये एमिल जाव्हाल या नेत्रतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत लक्षात आलं. अशा उडीला सॅकेड म्हणतात. दोन उड्यांमधला मुक्काम पाव सेकंदाच्या आसपास. दिवसभरात लाखाहून जास्त उड्या होतात, आणि त्यातल्या बहुतेकांचा आपल्याला पत्ताही नसतो. उडी चालू असेपर्यंत मेंदू दृश्य जवळजवळ दाबूनच टाकतो. आरशासमोर उभं राहून स्वतःच्या एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे नजर न्या. शेजारच्याला तुमचे डोळे हलताना दिसतील, तुम्हाला दिसणार नाहीत.

स्पष्ट दिसणारी जागा इवलीशी असते आणि तिथे नेणाऱ्या उड्या बहुतेक नकळत होतात, या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आय ट्रॅकिंगचा फायदा पहिलीतून येतो आणि धोका दुसरीतून.

कॅमेरा नजर कशी ओळखतो

शंभरएक वर्षांपूर्वी यासाठी माणसाला बराच त्रास सोसावा लागे. एडमंड ह्यूई या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने डोळ्यावर प्लास्टरची, मधे भोक असलेली वाटी बसवली आणि तिला ॲल्युमिनियमचा काटा जोडला, म्हणजे डोळा हलला की काटा हलेल. पुढे मॉस्कोत अल्फ्रेड यार्बस याने आरसा लावलेली छोटी टोपी हवेच्या दाबाने डोळ्याच्या गोलाला चिकटवली.

आज डोळ्याला काहीच शिवत नाही. चष्म्याच्या कडेला बारीक इन्फ्रारेड एलईडी दिवे असतात. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तसला हा प्रकाश, आपल्याला न दिसणारा. तो डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर पडला की तिथे चमकीचे ठिपके उमटतात. शेजारचा छोटा इन्फ्रारेड कॅमेरा दोन गोष्टी टिपतो: हे ठिपके आणि बाहुलीचा मध्य. डोळा फिरतो तेव्हा बाहुली त्याच्याबरोबर सरकते, ठिपके मात्र तितके सरकत नाहीत. दोघांमधलं अंतर आणि दिशा यांवरून नजरेची रेषा काढता येते. हल्ली या हिशेबाच्या मदतीला लाखो डोळ्यांच्या चित्रांवर शिकवलेलं सॉफ्टवेअरही असतं.

पहिल्यांदा हेडसेट घातला की तो काही ठिपक्यांकडे बघायला सांगतो. कारण डोळ्याच्या गोलाचा मधला अक्ष आणि माणसाची खरी नजररेषा एक नसते. त्यांच्यात साधारण पाच अंशांचा फरक असतो आणि तो माणसागणिक बदलतो. ठिपक्यांच्या या सरावातून यंत्र तुमच्यापुरता तो फरक शिकून घेतं.

एवढं करूनही चांगल्या यंत्राची चूक अर्धा ते एक अंश राहते. एक अंश ऐकायला किरकोळ वाटतो, पण दोन मीटर दूर दिसणाऱ्या पडद्यावर तो साडेतीन सेंटिमीटर होतो. म्हणून अशा उपकरणांतली बटणं मोठी आणि एकमेकांपासून लांब ठेवलेली दिसतात. दाट मस्कारा, खाली झुकलेली पापणी, कडक कॉन्टॅक्ट लेन्स, कडक ऊन, तिरळेपणा यांनीही गणित बिघडतं. तिरळेपणा असणाऱ्यांना व्हिजन प्रोमध्ये एकाच डोळ्याचा माग घ्यायला सांगता येतं. ही सोय सगळ्याच उपकरणांत हवी.

कंपन्यांना हे कशाला हवं आहे?

मुख्य कारण चित्र रंगवण्याचा खर्च. व्हिजन प्रोच्या दोन पडद्यांवर मिळून २ कोटी ३० लाख बिंदू आहेत. घरातल्या फोर-के टीव्हीवर ते ८३ लाखांच्या आसपास असतात. एवढे बिंदू सेकंदाला नव्वद वेळा रंगवायचे तर यंत्र तापतं आणि बॅटरी उतरते. पण तुम्हाला स्पष्ट दिसणारी जागा अंगठ्याच्या नखाएवढीच असेल, तर तेवढीच जागा बारकाईने रंगवून बाकीची ढोबळ ठेवली तरी चालतं. याला फोव्हिएटेड रेंडरिंग म्हणतात. नजर हलली की स्पष्ट तुकडाही तिकडे हलवावा लागतो. सुमारे ५० मिलिसेकंदांत हे जमलं तर माणसाला फरक जाणवत नाही, असं प्रयोगांत दिसलं आहे.

दुसरा उपयोग माऊससारखा. व्हिजन प्रोमध्ये बटणाकडे बघायचं आणि अंगठा-तर्जनीची चिमूट करायची, की बटण दाबलं जातं. चिमूट कशाला, नुसतं बघून का नाही? कारण डोळ्याचं मूळ काम बघण्याचं आहे. ज्या ज्या गोष्टीवर नजर पडेल ती उघडायला लागली तर पाच मिनिटांत माणूस वैतागेल. हात लावेल ते सोनं होणाऱ्या ग्रीक कथेतल्या राजाच्या नावावरून अभ्यासक याला मिडास अडचण म्हणतात. नजरेने नेम धरायचा आणि हाताने होकार द्यायचा, ही त्यावरची तोड.

ज्यांना हात हलवता येत नाहीत त्यांना मात्र चिमूटही शक्य नसते. एएलएससारख्या, स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या आजारात हातपाय आणि वाचा गेली तरी डोळ्यांची हालचाल बहुधा शेवटपर्यंत टिकते. असा माणूस पडद्यावरच्या अक्षराकडे थोडा वेळ टक लावून बघतो, ते अक्षर निवडलं जातं, आणि अशा अक्षरांतून शब्द उभा राहतो. टोबी डायनाव्हॉक्स या स्वीडिश कंपनीसह काही कंपन्या अशी साधनं बरीच वर्षं बनवत आहेत. २०२४ पासून आयफोनच्या पुढच्या कॅमेऱ्यानेही नजरेवर फोन चालवण्याची सोय आली आहे. आय ट्रॅकिंगला सरसकट विरोध करणाऱ्यांनी हा उपयोग डोळ्यांआड करू नये. घरातल्या आजारी माणसाला 'पाणी हवंय' हे पुन्हा स्वतः सांगता येणं, यापुढे दुसरे सगळे उपयोग मला लहान वाटतात.

नजर काय काय सांगून जाते

यार्बसने एक प्रयोग केला होता. इल्या रेपिन या रशियन चित्रकाराचं एक चित्र: अनपेक्षितपणे घरी परतलेला माणूस आणि चकित झालेले घरचे. हे एकच चित्र त्याने एकाच माणसाला पुन्हा पुन्हा दाखवलं, दर वेळी वेगळा प्रश्न देऊन. चित्रातल्यांची वयं सांगा म्हटल्यावर नजर चेहऱ्यांवर फिरली. घरची सांपत्तिक स्थिती कशी वाटते म्हटल्यावर ती कपडे आणि सामानाकडे वळली. चित्र तेच, डोळे तेच, पण मनातला प्रश्न बदलला की नजरेची वाट बदलते. म्हणजे वाटेवरून प्रश्नाचा अंदाज बांधता येतो.

बाहुलीही बोलते. १९६६ मध्ये डॅनियल कानेमान आणि जॅक्सन बीटी या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना आकडे लक्षात ठेवायला सांगितले. एकेक आकडा ऐकताना बाहुली मोठी होत गेली आणि आकडे परत म्हणून दाखवताना लहान होत गेली. मनावरचा ताण डोळ्यात मोजता आला. डोक्याला मार लागल्यावर मेंदूला धक्का बसला आहे का, हे ठरवायला मदत म्हणून डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या एका यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मान्यता दिली.

हे सगळं घरच्या भाषेत सांगायचं तर साडीच्या दुकानात गादीवर बसलेला जाणता माणूस आठवा. समोर वीस साड्या उलगडलेल्या असतात. गिऱ्हाईक तोंडाने 'ही जरा बरी आहे' म्हणतं, पण नजर फिरून फिरून त्या मोरपंखी पैठणीवर जाते. घासाघीस सुरू व्हायच्या आधीच त्याने ओळखलेलं असतं की घरी जाणार ती हीच, आणि भावही तो त्याच हिशेबाने धरतो. मात्र तो तुमच्याकडे बघतोय हे तुम्हाला दिसत असतं, मुद्दाम दुसरीकडे बघून तुम्ही त्याला चकवू शकता, आणि उद्या दुसरी गिऱ्हाइकं आली की तो तुम्हाला विसरतो. चष्मा हीच गोष्ट सेकंदाला कित्येक डझन वेळा करतो, न दिसता करतो, आणि कुणी साठवायचं ठरवलं तर कधीच विसरत नाही.

अशा माहितीला बाजारात भाव येईल हे कंपन्यांनी फार पूर्वी ओळखलं. डोक्यावर घालायच्या उपकरणातून माणसाने कुठली जाहिरात पाहिली हे टिपून जाहिरातदाराकडून प्रत्येक नजरेचे पैसे घेण्याच्या कल्पनेवर गूगलला ऑगस्ट २०१३ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. बाहुलीच्या आकारावरून भावनेचा अंदाज घेण्याचा उल्लेखही त्यात होता. पेटंट घेणं म्हणजे वस्तू बनवणं नव्हे, हे खरं. पण विचार कुठल्या दिशेने चालला होता ते त्यातून कळतं.

म्हणजे चष्मा मन वाचतो का?

नाही. बाहुली उजेड कमी झाला तरी मोठी होते, घाबरल्यावरही होते, अवघड गणित करतानाही होते. एखाद्या चेहऱ्यावर नजर का थांबली, आवडला म्हणून की ओळखीचा वाटला म्हणून, हे नजर सांगत नाही. नजरेवरून स्वभाव किंवा प्रामाणिकपणा अचूक ओळखतो, असा दावा करून कुणी काही विकत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

पण अंदाज चुकीचा असला म्हणून निरुपद्रवी ठरत नाही. कामावरच्या प्रशिक्षणात कुणाच्या नावापुढे 'लक्ष कमी' अशी नोंद पडली, आणि खरं कारण आदल्या रात्रीची पाळी हे असलं, तरी नोंद त्याच्याच नावावर राहते.

हे आधारच्या डोळ्याच्या स्कॅनसारखंच ना?

महाराष्ट्रात हा प्रश्न हमखास येतो, आणि यायलाच हवा. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले, आणि तेव्हापासून यंत्रात डोळे घालणं आपल्या अंगवळणी पडलं. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधारचं यंत्र बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्यावरची नक्षी टिपतं, जिला आयरिस म्हणतात. ती जन्मभर फारशी बदलत नाही, म्हणून 'हा माणूस कोण' हे तिच्यावरून ठरतं. आय ट्रॅकिंग विचारतं, 'हा माणूस आत्ता कुठे बघतोय'.

अडचण अशी की दोन्ही कामं एकाच जातीच्या कॅमेऱ्याने होतात. नजरेसाठी घेतलेल्या इन्फ्रारेड चित्रात आयरिसची नक्षीही येते. व्हिजन प्रोमध्ये तर त्याच कॅमेऱ्यांनी डोळे ओळखून कुलूप उघडायची सोय आहे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, आयरिस बदलता येत नाही. म्हणून डोळ्याचं मूळ चित्र उपकरणाबाहेर जाणं कुठल्याही परिस्थितीत नको.

'माहिती चष्म्यातच राहते' यावर विसंबावं का?

काही प्रमाणात, हो. ॲपलने व्हिजन प्रोमध्ये केलेली रचना मला विचारपूर्वक वाटते. तुम्ही एखाद्या बटणाकडे बघितलं की ते उजळतं, पण ते उजळवण्याचं काम यंत्रणा स्वतः करते. ज्या ॲपचं ते बटण आहे त्याला काहीच कळत नाही. चिमूट केलीत, की 'हे बटण निवडलं' एवढाच निरोप ॲपकडे जातो. तुम्ही आधी कुठल्या तीन गोष्टींवर घुटमळलात हे त्याला कळत नाही. मेटाच्या क्वेस्ट प्रोमध्ये आय ट्रॅकिंग मुळात बंद असतं, आपण सुरू केलं तरच चालतं, आणि डोळ्यांची चित्रं उपकरणातच वापरून पुसली जातात असं कंपनी सांगते. मात्र तिथे परवानगी दिली तर ॲपला नजरेची दिशा मिळू शकते. 'होकार' दाबताना नेमकं काय देतोय हे म्हणूनच वाचायला हवं.

चांगल्या रचनेतूनही फट निघते. सप्टेंबर २०२४ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेझप्लॉइट नावाचा हल्ला जगासमोर मांडला. व्हिजन प्रो घालून व्हिडिओ कॉल केला की समोरच्याला तुमचा हुबेहूब डिजिटल चेहरा दिसतो, आणि त्याचे डोळे तुमच्या डोळ्यांसारखेच हलतात. त्याच वेळी तुम्ही हवेतल्या कीबोर्डवर नजरेने टाइप करत असाल, तर त्या हलत्या डोळ्यांवरून अक्षरं ताडता येत होती. ३० जणांवर केलेल्या चाचण्यांत पाच अंदाजांच्या आत पासवर्डमधली अक्षरं ७७ टक्के वेळा आणि संदेशांतली ९२ टक्के वेळा बरोबर ओळखली गेली. संशोधकांनी आधी कंपनीला कळवलं होतं, आणि जुलै २०२४ मध्येच दुरुस्ती झाली: टाइप करताना तो चेहरा आता थांबतो. इथे कॅमेऱ्याची माहिती कुणी चोरली नव्हती. चेहऱ्यावर उमटलेलं तिचं प्रतिबिंबच पुरेसं ठरलं.

'फोनला सगळं माहीत आहेच, मग यात नवीन काय?'

हा आक्षेप मी मनापासून ऐकतो, कारण त्यात थकवा आहे आणि तो खरा आहे. पण फोनला तुम्ही काय दाबलंत हे माहीत असतं. नजरेला तुम्ही काय दाबलं नाहीत हे कळतं: कुठल्या आजाराच्या बातमीवर डोळे थबकले, कुठल्या कर्जाच्या जाहिरातीकडे दोनदा वळले, कुणाचा फोटो टाळला. दाबण्याआधी माणूस स्वतःशी विचार करतो, तो थोडासा अवकाश इथे उरत नाही.

इन्फ्रारेडने डोळे बिघडतील, ही भीती मात्र बहुतांशी निराधार आहे. या दिव्यांची शक्ती अगदी कमी असते आणि डोळ्यावर किती प्रकाश पडू द्यायचा याच्या आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरलेल्या आहेत. उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतं. जड हेडसेट तासन्‌तास घातल्याने मान आणि डोळे शिणतात, ती तक्रार वेगळी आणि खरी आहे.

आपला कायदा काय म्हणतो

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत बायोमेट्रिक माहिती 'संवेदनशील' मानली आहे आणि डोळ्यांचा तिथे उल्लेख आहे. पण व्याख्या ओळख पटवण्यासाठी केलेल्या मोजमापाची आहे. नजरेचा माग ओळख पटवण्यासाठी नसतो, त्यामुळे तो त्या व्याख्येतून सुटतो. युरोपच्या कायद्यातही बायोमेट्रिक माहितीची विशेष काळजी माणूस ओळखण्याशीच जोडलेली आहे.

२०२३ च्या, टप्प्याटप्प्याने लागू होणाऱ्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 'संवेदनशील' हा वेगळा वर्गच ठेवलेला नाही. तुमच्याशी जोडलेली कुठलीही माहिती वैयक्तिक, आणि तिच्यासाठी हेतू सांगून संमती घ्यायची. त्यामुळे नजर कायद्यात येते, पण ती फोन नंबराच्या पंक्तीत बसते. मला हे अपुरं वाटतं. नकळत निसटणाऱ्या माहितीला जाणूनबुजून दिलेल्या माहितीपेक्षा जास्त संरक्षण हवं. मुलांच्या बाबतीत कायदा कडक आहे: १८ वर्षांखालच्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणं आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं, काही अपवाद सोडता, मना आहे.

स्वतः विकत घेताना निदान निवड तुमची असते. दुकानात विचारा: डोळ्यांवर कॅमेरा आहे का, तो बंद करता येतो का, डोळ्याचं चित्र उपकरणाबाहेर जातं का, आणि ॲपला नजरेची दिशा मिळते की फक्त निवडलेलं बटण. पण असे हेडसेट बऱ्याच जणांच्या डोक्यावर पहिल्यांदा चढतील ते कारखान्यातल्या किंवा रुग्णालयातल्या प्रशिक्षणात, मालकाने दिलेले. तिथे 'नको' म्हणणं सोपं नसतं. त्यात २०२३ च्या कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीशी संबंधित कारणांसाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची वाट ठेवली आहे. कामगार संघटनांनी आणि कर्मचाऱ्यांनी हेडसेट डोक्यावर चढण्याआधी एवढं तरी लेखी मागावं: नजरेच्या नोंदी ठेवल्या जाणार का, किती दिवस, कोण बघणार, आणि बढती किंवा पगार ठरवताना त्या वापरल्या जाणार का.